देवनागरी तिपिटक: एका इतिहास-शिक्षिकेचा अभिप्राय

संपूर्ण पाली तिपिटक, म्हणजे बौद्धांच्या मूळ धर्मग्रंथांचा संग्रह, आपल्या लिपीत, एक पैसा न देता वाचता येतं, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत हवी तेवढी पोचलेली नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने ते टिपिटक डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर ठेवलं आहे. शिवाय विंडोज संगणकावर उतरवून घ्यायचं सीएसटी नावाचं सॉफ्टवेअर आहे. एकदा घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही, आणि शब्द शोधायची सोय त्यात चांगली आहे. मी दोन्ही वापरते. संकेतस्थळ फोनवर, सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर.

मी शाळेत इतिहास शिकवते. बुद्धवंदना लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे पाली कानाला परकी नाही. पण पेशा इतिहासाचा, म्हणून या ग्रंथांकडे मी जे प्रश्न घेऊन गेले ते ध्यानधारणेचे नव्हते. राजाने गरिबांसाठी काय करावं, मजुराला काय मिळावं, सभेत मतं कशी मोजावीत, जातीबद्दल नेमकं काय म्हटलंय, बायकांना संघात जागा कोणत्या अटींवर मिळाली. बुद्धाच्या शिकवणीचा समाजावर काय परिणाम झाला हे आपण वर्गात दोन ओळींत उरकतो. त्या दोन ओळींमागचा मूळ मजकूर आपला आपण उघडून बघता येतो का, या कसोटीवर मी ही सेवा वापरली. येतो. आणि ज्याला समाजाचा, कायद्याचा, इतिहासाचा विचार करायचा आहे त्याने तो उघडलाच पाहिजे असं माझं ठाम मत झालं आहे. मेहनत आहे, ती कुठे पडते तेही सांगते.

हा पाठ छट्ठ संगायनाचा, म्हणजे १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला भरलेल्या सहाव्या संगीतीचा. संगीती म्हणजे ग्रंथांचा पाठ पक्का करणारी भिक्खूंची सभा. ब्रह्मदेश, श्रीलंका, थायलंड, कंबोडिया, लाओस इथल्या भिक्खूंनी आपापल्या परंपरेतले पाठ ताडून तो पक्का केला. त्याआधी १८७१ मध्ये राजा मिंडोनच्या काळात मंडालेला पाचवी संगीती भरली, आणि त्याच राजाने अख्खं तिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून उभं केलं. त्या शिळा आजही जागेवर आहेत. आणि मुळात हे सगळं पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ राखलेलं. पहिल्यांदा लिहून काढलं ते श्रीलंकेत, इ.स.पू. पहिल्या शतकात. एका शिकवणीचा समाजावर काय प्रभाव पडला हे मोजायचं असेल तर माणसांनी ती जपायला किती खटाटोप केला हेही एक माप आहे, म्हणून हे सांगितलं.

आता प्रत्यक्ष वापर. पान उघडलं की लिपी निवडायची: देवनागरी, रोमन, सिंहली, थाई, म्यानमार, बऱ्याच आहेत. मग चार कप्पे दिसतात: मूल, अट्ठकथा, टीका, अन्य. नव्या वाचकाने मूलच्या बाहेर जाऊ नये. अट्ठकथा, म्हणजे मूळ मजकुरावरची भाष्यं, बऱ्याच नंतरच्या आहेत, आणि त्या मूळ मजकुरात मिसळून वाचल्या की कोण काय म्हणालं याचा गोंधळ होतो. मूलमध्ये विनय (संघाचे नियम), सुत्त (उपदेश), अभिधम्म (तत्त्वविचार) ही तीन पिटकं आणि त्याखाली एकेक ग्रंथ. इथे पहिली ठेच लागते. महावग्गपाळि नावाचा ग्रंथ विनयपिटकातही आहे आणि सुत्तपिटकातल्या दीघनिकाय या संग्रहातही आहे. विनयातला महावग्ग म्हणजे संघाचे नियम आणि ते कसे घडले याच्या हकिकती, दीघातला महावग्ग म्हणजे महापरिनिब्बानासारखी लांब सुत्तं. कुणी नुसतं ‘महावग्गात आहे’ म्हणालं तर कुठला महावग्ग ते आधी विचारा.

सुत्तांची नावंही तपासून घ्यावी लागतात. ज्याला सगळे कालामसुत्त म्हणतात ते इथे केसमुत्तिसुत्त या नावाने आहे, अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात. गृहस्थाच्या कर्तव्यांचं सिगालोवाद म्हणून जे प्रसिद्ध आहे ते इथे सिङ्गालसुत्त. आणि मजकुरात जागोजागी ‘…पे॰…’ असं दिसेल. छपाईत काही गळलंय असं समजू नका. आधी आलेला मजकूर इथे पुन्हा तसाच म्हणायचा, एवढीच ती खूण आहे. चौकटी कंसात सी॰, स्या॰, कं॰ अशी अक्षरं येतात ती सिंहली, सयामी, कंबोडियन प्रतींमधले पाठभेद दाखवतात. इतिहासाच्या माणसाला हे फार मोलाचं: प्रती कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत हे झाकलेलं नाही. शिवाय पालीत ळ भरपूर आहे, तो आपल्या जिभेला बसलेला आहे, त्यामुळे मराठी माणसाला मोठ्याने वाचायला हा पाठ सोपा जातो. मोठ्यानेच वाचा. ही सुत्तं ऐकण्यासाठी रचलेली आहेत, तीच तीच वाक्यं पुन्हा येतात ती त्याचसाठी, आणि डोळ्यांनी कंटाळवाणी वाटणारी आवर्तनं कानाला वेगळी लागतात.

सॉफ्टवेअरचा खरा कस मी डॉ. आंबेडकरांच्या एका भाषणावर लावला. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना त्यांनी सांगितलं होतं की संसदीय कामकाजाची रीत भारताला अपरिचित नव्हती. भिक्खूसंघात बसण्याचे नियम होते, ठराव होते, गणसंख्या होती, मतमोजणी होती, गुप्त मतदान होतं. आणि हे नियम बुद्धाने तेव्हाच्या राजकीय सभांकडून घेतले असावेत, असंही ते म्हणाले. हे आपण अनेकदा उद्धृत करतो. मला ते मूळ जागी बघायचं होतं. मतदानाच्या काडीला पालीत सलाका म्हणतात, म्हणून शोधाच्या चौकटीत ‘सलाक’ आणि पुढे तारांकन टाकलं, कारण पालीत शब्दाचे शेवट बदलत राहतात आणि तारांकनाने सगळी रूपं एकत्र येतात. यादीतून विनयपिटकातल्या चूळवग्गाचा समथक्खन्धक हा भाग उघडला. तंटे कसे मिटवायचे याचा हा अख्खा अध्याय आहे.

तिथे सगळं आहे, आणि किती बारकाईने! वाद मिटला नाही तर बहुमताने मिटवायचा. मतासाठी काड्या वाटायच्या. काड्या वाटणारा कोण असावा? जो आवडीनिवडीने वाहवत नाही, द्वेषाने नाही, मोहाने नाही, भीतीने नाही, आणि ज्याला कोणती काडी घेतली गेली, कोणती नाही हे कळतं, असा पाच गुणांचा भिक्खू. त्याची नेमणूकही संघापुढे रीतसर ठराव मांडून करायची. मतदानाच्या तीन पद्धती दिल्या आहेत: गुप्त, उघड आणि कानात सांगून. गुप्त पद्धतीत दोन पक्षांच्या काड्या वेगवेगळ्या रंगांच्या करायच्या, एकेका भिक्खूजवळ जाऊन सांगायचं की ही या मताची, ही त्या मताची, हवी ती घे, आणि कुणाला दाखवू नकोस.

पण तिथेच पुढे एक ओळ आहे जी भाषणांत सहसा येत नाही. काड्या वाटणाऱ्याला दिसलं की अधर्माची बाजू घेणारे जास्त आहेत, तर त्याने काड्या नीट घेतल्या गेल्या नाहीत असं म्हणून मतदान रद्द करायचं. म्हणजे नुसतं डोक्यांच्या संख्येवर सोडलेलं नाही. संख्येच्या वर धम्म आणि विनय आहेत. आजच्या निवडणुकीच्या नियमांत हे चालणार नाही, आणि चालू नये असंच मला वाटतं, कारण अधर्म कोणता हे मोजणाऱ्याने ठरवायचं म्हटलं की सगळी सत्ता त्याच्या हातात जाते. तरीही बहुमताने चुकीचं ठरवलं तर काय, हा प्रश्न त्यांना पडला होता आणि त्यांनी तो दडवला नाही. आपल्याकडे याच प्रश्नाचं उत्तर म्हणून मूलभूत हक्क आणि न्यायालयं आहेत. नववीच्या वर्गाला मी हा उतारा पालीतून वाचून दाखवते आणि मराठीत अर्थ सांगते. मुलं यावर तावातावाने बोलतात, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला मला हेच हवं असतं.

दुसरा उतारा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दीघनिकायाच्या पाथिकवग्गात चक्कवत्तिसुत्त आहे. एक राजा बाकी सगळं राज्य परंपरेने चालवतो, फक्त गरिबांना धन देत नाही. पुढचं मूळ शब्दांत: ‘अधनानं धने अननुप्पदियमाने दालिद्दियं वेपुल्लमगमासि, दालिद्दिये वेपुल्लं गते अदिन्नादानं वेपुल्लमगमासि.’ निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढलं, दारिद्र्य वाढल्यावर चोरी वाढली. चोराला धरून आणतात. राजा विचारतो, खरंच चोरी केलीस का? तो म्हणतो, खरं आहे महाराज. का? जगता येत नाही महाराज. राजा त्याला धन देतो: याच्यावर स्वतः जग, आईबाप, बायकापोरं सांभाळ, धंदा कर. ही बातमी पसरते, लोक चोरी करायला लागतात. मग राजा घाबरतो आणि पुढच्या चोराचं डोकं उडवायचा हुकूम देतो. ते बघून लोक स्वतः शस्त्रं बनवतात, गावं लुटतात, आणि ज्यांना लुटलं त्यांना जिवंत सोडत नाहीत, कारण राजा तसंच करतो. पुढच्या पिढीतला चोर राजापुढे उभा राहतो आणि म्हणतो, मी नाही केली. जगातलं पहिलं खोटं तिथे बोललं जातं, मान वाचवण्यासाठी.

पंचशील रोज म्हणणाऱ्या माणसाने हा क्रम एकदा वाचावा. चोरी, हत्या, खोटं हे सगळे शीलभंग इथे एकामागून एक येतात, आणि त्यांच्या मुळाशी राज्यकर्त्याने न केलेलं एक काम आहे. आपण शील म्हणजे व्यक्तीने पाळायची गोष्ट म्हणून शिकवतो. हे सुत्त शीलाची जबाबदारी तिजोरीपर्यंत नेतं. उलट बाजू कूटदन्तसुत्तात आहे: महाविजित राजाच्या राज्यात लुटारू माजलेत, तो मोठा यज्ञ करायला निघालाय, आणि पुरोहित त्याला सांगतो की आता कर वाढवणं चूक ठरेल, आणि फाशी-कैदेने लुटारू संपणार नाहीत, उरलेले पुन्हा त्रास देतील. त्यापेक्षा शेती आणि गुरं राखणाऱ्यांना बियाणं आणि अन्न दे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल दे, राजसेवा करणाऱ्यांना भत्ता-पगार दे. परिणाम काय? लोक लेकरांना अंगाखांद्यावर नाचवत, घराची दारं उघडी टाकून राहू लागले. आणि सिङ्गालसुत्तात मालकाची नोकराप्रती पाच कर्तव्यं आहेत: ताकद बघून काम देणं, जेवण आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, घरात काही खास केलं तर त्यातला वाटा, आणि वेळेवर सुट्टी. ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्यांनी हे पाच मुद्दे जरूर वाचावेत.

जातीबद्दल फार लिहीत नाही, कारण ‘न जच्चा वसलो होति’ ही गाथा बहुतेकांना माहीत आहे. वासेट्ठसुत्त मात्र पूर्ण वाचा. ते दोनदा आलेलं आहे, मज्झिमनिकायात आणि सुत्तनिपातात. गवत, झाडं, किडे, साप, मासे, पक्षी यांच्यात जन्मानेच वेगवेगळ्या खुणा आहेत, तशा माणसांत केसांपासून पायांपर्यंत कुठेच नाहीत, असं एकेक अवयव घेऊन सांगितलंय. थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, सुनीत थेराच्या गाथा आहेत: ‘नीचे कुलम्हि जातोहं, दलिद्दो अप्पभोजनो.’ सुकलेली फुलं उचलून टाकणारा, लोकांनी किळस करावी असा माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकिकत सांगतो. इतिहासाच्या पुस्तकात तळच्या माणसाचा आवाज सहसा सापडत नाही. इथे तो नावानिशी आहे.

शिकवण एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना काय होतं याचं उत्तरही विनयात आहे. सोण कुटिकण्ण हा भिक्खू अवन्तीचा, म्हणजे माळव्याकडचा. तिथे भिक्खू इतके कमी की दीक्षेसाठी लागणारे दहा भिक्खू जमवताना त्याची तीन वर्षं गेली. त्याच्या गुरूंनी, महाकच्चानांनी, त्याच्या तोंडून बुद्धाकडे मागण्या पाठवल्या. त्यातली एक अशी: अवन्ती-दक्षिणापथाची जमीन काळी आहे, खरखरीत आहे, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, तेव्हा तिथे जाड तळाच्या वहाणा चालाव्यात. बुद्धाने मान्य केलं. सीमेवरच्या प्रदेशात पाचजणांचा गण दीक्षेला पुरेल, रोज आंघोळ चालेल, जाड तळाच्या वहाणा चालतील. काळ्या जमिनीच्या या मुलखाचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसले. ज्या शिकवणीने पुढे सह्याद्रीत लेणी कोरवून घेतली, तिने इकडे येतानाच इथली जमीन लक्षात घेतली होती.

लेण्यांचंच बघा. नाशिकच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, शिलालेख आहे. त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले: २,००० महिना शेकडा एक दराने, १,००० महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या, २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रासाठी. हिशोब करून बघा, वर्षाचं व्याज २४० होतं आणि २० जणांना १२ प्रमाणे तेवढेच लागतात. मुद्दलाला हात लावायचा नाही. आता विनयातला चीवरक्खन्धक उघडा, तिथे चीवर कसं मिळवावं, कुणी स्वीकारावं, कसं वाटावं याचे नियम आहेत. भिक्खूला सोनं-नाणं घेता येत नाही. माझ्या मते ही ठेव त्या नियमाशी जुळवून घेण्यातूनच निघाली: मुद्दल विणकरांकडे फिरतं, संघाला कापड मिळतं, आणि श्रेणीला भांडवल. शिकवणीने अर्थव्यवहार कसा घडवला हे ग्रंथ आणि दगड शेजारी ठेवल्यावरच कळतं. अशोकाचंही तसंच. बैराटच्या लेखात त्याने भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपर्याय, म्हणजे धम्माचे उतारे, नावाने सांगितले आहेत. त्यातल्या मुनिगाथा म्हणजे सुत्तनिपातातलं मुनिसुत्त, आणि खोटं बोलण्यासंबंधी राहुलाला केलेला उपदेश म्हणजे मज्झिमनिकायातलं अम्बलट्ठिकराहुलोवाद असं अभ्यासक मानतात. दोन्ही फोनवर उघडतात.

चीवरक्खन्धकातच आणखी एक हकिकत आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलाय, कुणी बघत नाही. बुद्ध आणि आनंद येतात. बुद्ध पाणी ओततो, आनंद धुतो. एकाने डोकं, एकाने पाय धरून ते त्याला पलंगावर ठेवतात. मग भिक्खूंना बोलावून विचारलं जातं की का नाही बघितलंत, आणि उत्तर मिळतं की हा कुणाच्या काही उपयोगाचा नव्हता म्हणून. त्यावर बुद्ध म्हणतो: तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत तर कोण करणार? ‘यो, भिक्खवे, मं उपट्ठहेय्य सो गिलानं उपट्ठहेय्य.’ ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं लिहिलंय, ते याच ओळीला लागून वाचावंसं वाटतं.

आता जे वाचायला जड जातं ते. चूळवग्गात भिक्खुणींसाठी आठ गरुधम्म, म्हणजे कडक नियम, आहेत, आणि त्यातला पहिलाच सांगतो की दीक्षा घेऊन शंभर वर्षं झालेल्या भिक्खुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावं. विनयातल्या महावग्गात कर्जदार, दास आणि राजाच्या सैनिकांना दीक्षा देऊ नये असे नियम आहेत, आणि ते का झाले त्या हकिकती वाचल्या की सावकार, मालक आणि राजा यांचा दबाव स्पष्ट दिसतो. बौद्ध घरातली बाई म्हणून मला हे वाचताना त्रास झाला, तो लपवत नाही. पण या सेवेची मला सगळ्यात पटलेली बाजू हीच आहे की गाळून, निवडून, गोड करून काही दिलेलं नाही. त्याच पाठात थेरीगाथा, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणींच्या गाथा, आहेत, जिथे पाणी भरणारी पुण्णिका नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की मग बेडूक आणि कासवं सगळी स्वर्गात जाणार का. दोन्ही वाचा आणि मग मत बनवा.

बुद्धवचन म्हणून फिरणारी वाक्यं तपासायलाही याचा मोठा उपयोग होतो. एका ध्यानाच्या ॲपमध्ये मला रोज सकाळी ‘बुद्ध म्हणाले’ असं वाक्य यायचं. मूलमध्ये शोधली तर त्यातली बरीच सापडली नाहीत, आणि विचारणा केली तर उत्तर आलं नाही. ते ॲप मी काढून टाकलं. श्वासावर लक्ष ठेवायला शिकवणं चांगलंच आहे, सतिपट्ठान, म्हणजे सजगतेची साधना सांगणारं सुत्त, त्यासाठीच आहे. पण बुद्धाचं नाव लावायचं आणि राजा, मजूर, दारिद्र्य, जात हे सगळं बाजूला काढून फक्त ताणमुक्ती द्यायची, हे मला मान्य नाही.

खरं वचन किती दूर जातं याचं एक उदाहरण देते. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत श्रीलंकेचे जे. आर. जयवर्धने यांनी धम्मपदातली वैराने वैर शमत नाही ही गाथा सांगून जपानकडून नुकसानभरपाई घ्यायचं नाकारलं. एका देशाच्या परराष्ट्र धोरणात पाचवी गाथा उतरली. आणि जिथे हा पाठ पक्का झाला त्याच म्यानमारमधून २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना जीव घेऊन पळावं लागलं, आणि त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यांत चीवर घातलेले लोकही होते. ग्रंथ जपणं आणि ग्रंथ ऐकणं यांत केवढं अंतर राहू शकतं हे बौद्धांनीच सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने बोललं पाहिजे. आपल्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी दीक्षा घेतली, तीत २२ प्रतिज्ञा होत्या आणि समतेची प्रतिज्ञा त्यात स्पष्ट होती. त्या प्रतिज्ञांच्या मागची सुत्तं आपल्याच लिपीत समोर असताना ती न उघडणं मला पटत नाही.

उणीव एकच, पण मोठी. संकेतस्थळावर फक्त पाली आहे, मराठी अर्थ नाही. पाठांतराच्या पालीवर मी थोडं उमजून घेते, पण लांब समास आले की अडते. सुत्तनिपातासाठी धर्मानंद कोसंबींचा मराठी अनुवाद आहे, तो शेजारी ठेवून वाचलं तर पाली झपाट्याने कळायला लागते. इंग्रजी चालत असेल तर सुत्तसेंट्रल हे दुसरं मोफत संकेतस्थळ बघा. तिथे भिक्खू सुजातो यांचं चार निकायांचं भाषांतर आहे आणि त्याच सुत्ताचे चिनी आगमांतले समांतर पाठही दाखवलेले असतात. अभ्यासाला दोन्ही लागतात. मोठ्याने वाचायला आणि शब्द धुंडाळायला मी पहिल्याकडेच जाते. संस्कृत थोडंफार आलेल्यांना अर्थ लवकर लागेल, पण न आलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. आमच्या रविवारच्या वर्गातल्या सातवीतल्या मुलीने सिङ्गालसुत्तातल्या सहा दिशा स्वतः शोधून काढल्या.

सुरुवात करायची तर क्रम असा ठेवा. आधी सिङ्गालसुत्त आणि चक्कवत्तिसुत्त, दोन्ही दीघनिकायाच्या पाथिकवग्गपाळीत. मग सीलक्खन्धवग्गपाळीतलं पाचवं, कूटदन्तसुत्त. त्यानंतर महापरिनिब्बानसुत्ताची पहिली काही पानं, जिथे मगधाच्या अजातशत्रूचा मंत्री वज्जी या गणराज्यावर स्वारीचा बेत घेऊन येतो आणि बुद्ध आनंदाला विचारतो की वज्जी अजून वारंवार जमतात का, एकत्र उठतात-बसतात का, कुलस्त्रियांना बळजबरीने पळवून नेत नाहीत ना. विनय शेवटी घ्या, आणि तो संगणकावर घ्या, फोनवर नको. तिथे एका प्रकरणातून दुसऱ्यात सतत जावं लागतं. वाचताना लिपी देवनागरी निवडली आहे ना हे एकदा बघून घ्या, कारण शोधयंत्रातून थेट पान उघडलं तर बहुधा रोमन प्रत समोर येते.